घेऊन जा गे मारबत

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या गावातली पोरं अंधारातच उठतात. आदल्या संध्याकाळी दाराशी ठेवलेल्या पळसाच्या फांद्या गोळा करायच्या, शिवेबाहेर नेऊन टाकायच्या आणि वाटभर ओरडायचं, खासी-खोकला, रोगराई, ईडापीडा घेऊन जा गे मारबत! मारबत म्हणजे रोगराई आणि वाईट ते सारं सोबत घेऊन गावाबाहेर जाणारी. ही आरोळी मी लहानपणापासून देत आलो. २०२४ च्या पोळ्याला मी ४४ वर्षांचा होतो आणि त्या पहाटे ती पहिल्यांदा स्वतःसाठी दिली. फांद्यांच्या ढिगावर बिडीचा कट्टा टाकला, अर्धा भरलेला. २७ वर्षं बिडी ओढली होती, दिवसाला एक कट्टा, कापूस वेचणीच्या दिवसांत त्याहून जास्त.

सोडायचं मनात आलं ते वावरात. आम्ही वर्धा जिल्ह्यातले कोरडवाहू कास्तकार. पाच एकर वावर, त्यात कपाशी, सोयाबीन, तूर, आणि विहिरीच्या भरवशावर थोडा गहू-हरभरा. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं दगावली, तेव्हापासून आमच्याकडे हंगामात सांगतात की फवारताना तोंडाला फडकं बांधा, वाऱ्याविरुद्ध फवारू नका, आणि हात साबणानं धुतल्याशिवाय बिडी, तंबाखू, पाणी काही तोंडाला लावू नका. मी हे दरवर्षी ऐकायचो आणि मान हलवायचो. त्या ऑगस्टमध्ये एक पंप संपवून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसलो आणि त्याच हातानं बिडी पेटवली. पोरगा ड्रममध्ये पाणी भरत होता. तो म्हणाला, "पप्पा, हात तं धुवा." मी त्याला झिडकारलं. मग भरलेला पंप पाठीवर घेतला आणि अर्ध्या तासातच थांबावं लागलं. तास म्हणजे इथं घड्याळातला नाही, कपाशीची ओळ. छातीत शिट्टी वाजत होती. बाबांनी धुऱ्यावरून हाक मारली, "काय झालं बे? दम लागला?" बाबा ७२ वर्षांचे. त्यांनी माझ्या पाठीवरचा पंप काढून स्वतःच्या पाठीवर घेतला आणि ओळ पुरी केली. मी मागून चालत होतो, रिकाम्या हातानं.

बिडी मला परकी नव्हती, उलट फार जवळची होती. मावशीचं घर गोंदिया जिल्ह्यात, तिरोड्याकडे. ती मांडीवर सूप घेऊन बिड्या वळायची. तेंदूचं पान कापायचं, चिमूटभर जरदा भरायचा, गुंडाळी करून दोऱ्यानं बांधायची. हजारावर मजुरी. तिनं आयुष्यात एक बिडी ओढली नाही, पण तिच्या लुगड्याला कायम तंबाखूचा वास असायचा आणि ती कायम खोकायची. सुट्टीत मी तिच्याकडे जायचो तेव्हा हा वास मला मायेचा वाटायचा. तेंदूच्या पानातून हवा जात नाही, म्हणून बिडी सारखी ओढत राहावी लागते, नाहीतर विझते. त्यामुळे सिगारेटीपेक्षा तंबाखू कमी असूनही धूर छातीत जास्त जातो. हे मला सोडल्यावर कळलं. ओढत होतो तेव्हा मी उलट समजायचो, बिडी म्हणजे पान आणि तंबाखू, साधी गोष्ट.

कट्ट्यावर आजारी माणसाचं चित्र असतं आणि त्याखाली एक नंबर, १८००-११-२३५६. चित्राकडे बघायचं नाही म्हणून मी नंबरही कधी वाचला नव्हता. पोळ्याच्या आठ दिवस आधी तो लावला. फुकट लागतो. पलीकडच्या बाईंनी आधी विचारलं, सकाळी उठल्यावर पहिली बिडी किती वेळात पेटवता? मी म्हटलं, पाय खाटेवरून खाली यायच्या आधी. त्या म्हणाल्या, म्हणजे तुम्हाला पहिले तीन दिवस जड जातील, तयारी करून ठेवा, घरच्यांना सांगून ठेवा. एक दिवस ठरवा, म्हणाल्या. मी मारबतीचा दिवस सांगितला. मारबत म्हणजे काय ते त्यांना समजावून सांगावं लागलं. पण घरच्यांना सांगायचं मात्र मी राहू दिलं, आणि ती चूक त्यांना महागात पडली.

पहिला दिवस उत्साहात गेला. दुसऱ्या दिवशी दुपारपासून हात रिकामे वाटायला लागले. तिसऱ्या दिवशी माझं मलाच ओळखू येईना. डोकं जड, घसा कोरडा, झोप तुटक, आणि राग असा की पोरानं मोबाईलचं चार्जर जागेवर ठेवलं नाही एवढ्यावरून मी ताट सरकवून उठलो. पोरगा घाबरून आजीजवळ जाऊन बसला. संध्याकाळी बायको माझ्यासमोर येऊन उभी राहिली, म्हणाली, "तुमाले काय होऊन राह्यलं ते सांगून टाका, नाही तं आमाले कसं समजन?" तेव्हा सांगितलं की बिडी सोडली आहे आणि तलफ आली की मला काही सुचत नाही. ती म्हणाली, "मंग आली की मले सांगत जा."

तेव्हापासून ते सुरू झालं. तलफ आली की मी मोठ्यानं म्हणायचो, "आली." ती जिथं असेल तिथून म्हणायची, "येऊ द्या." एवढंच. चुलीपाशी असो, गोठ्यात असो. वावरात ती सोबत नसली की मी कपाशीलाच सांगायचो. फोनवरच्या बाईंनी म्हटलं होतं की तलफ काही मिनिटांची असते, चढते आणि उतरते, तेवढा वेळ दुसऱ्या कामात काढा. मी ते तासावर मोजलं. तलफ आली की विळा घेऊन एका ओळीतलं तण काढायला लागायचो. बहुतेक वेळा ओळ संपायच्या आत ती उतरलेली असायची. पहिल्या आठवड्यात दिवसाला वीस-पंचवीस ओळी व्हायच्या. त्या वर्षी आमच्या वावरात तण दिसलं नाही.

पण सगळ्या तलफा सारख्या नसतात, आणि हे कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. अंगातल्या निकोटिनची तलफ वेगळी. ती पहिल्या दोन-तीन दिवसांत सगळ्यात जोरात असते आणि तीन-चार आठवड्यांत ओसरते. दुसरी तलफ जागेची. जेवण झालं की अंगणातला दगड. धुऱ्यावरची बाभूळ. बस स्टँडजवळचा पानठेला, जिथं ठेलेवाला मी न मागता कट्टा पुढं करायचा. या जागा मला हाका मारायच्या. दगड मी हलवला, खरोखरच उचलून गोठ्यामागं नेला. पानठेल्यासमोरून जायचं महिनाभर बंद केलं, मागच्या गल्लीनं जायचो. बाभूळ हलवता येत नव्हती. तिच्याखाली मी जवसाची चटणी आणि भाकर घेऊन बसायला लागलो, म्हणजे तोंड आणि हात दोन्ही गुंतले. खिशात भाजलेला ओवा आणि फुटाणे ठेवायचो.

पानठेल्यावरच्या मित्रांनी एक इलाज सांगितला तो मात्र इथं आवर्जून लिहायचा आहे, कारण आपल्याकडे तो सगळेच सांगतात. "एक खर्रा घोटून घे, बिडीची आठोन नाही येत." बरोबर आहे, येत नाही, कारण खर्ऱ्यात तोच तंबाखू आहे आणि वर सुपारी आणि चुना. माझ्या चुलतभावाचं तोंड खर्ऱ्यानं दोन बोटांच्या वर उघडत नाही. भाकरीचा घास तो वरणात कुस्करून, चेपून खातो. वय ३६. बिडी सोडून खर्ऱ्यावर जाणाऱ्यांना मी हात जोडून सांगतो, ते सोडणं नव्हे.

चहाचंही कुणी सांगत नाही. मी दिवसाला सात-आठ कप घ्यायचो. बिडी सोडल्यावर बिडीच्या जागी चहा आणखी वाढला आणि दुसऱ्या आठवड्यात छाती धडधडायला लागली, रात्री दोन-दोनपर्यंत डोळा लागेना. मला वाटलं हृदयाचं काही झालं. ठरल्याप्रमाणे त्या बाईंचा पुन्हा फोन आला तेव्हा विचारलं. बिडीच्या धुरामुळे शरीर चहा-कॉफीतलं कॅफिन लवकर बाहेर टाकत असतं. धूर बंद झाला की तेच कॅफिन अंगात जास्त वेळ राहतं. म्हणजे तोच कप आता जवळजवळ दुपटीनं लागतो. चहा तीन कपांवर आणला आणि चार दिवसांत झोप आली. खोकला आधी वाढला, सकाळी काळपट कफ पडायचा. फुप्फुसं स्वतःला झाडून काढत असतात तेव्हा असं होतं म्हणे. पोट साफ होईना, तोंडात फोड आले, वजन चार किलो वाढलं. हे सगळं आलं आणि वजन सोडून सगळं गेलं.

आता मूळ गोष्टीकडे येतो. मला कायम वाटायचं की मी टेन्शनमुळे बिडी ओढतो. आपल्याकडच्या कास्तकाराला टेन्शनचा तुटवडा नाही. पण फोनवर मला जे समजावून सांगितलं ते मी माझ्या भाषेत असं समजलो. बिडी ओढली की निकोटिन मेंदूत काही सेकंदांत पोचतं, आणि दोन-एक तासांत अंगातलं अर्धं उतरतं. उतरायला लागलं की बेचैनी सुरू होते. पुढची बिडी ती बेचैनी घालवते आणि आपल्याला वाटतं बिडीनं टेन्शन घालवलं. सावकाराचं व्याज फेडायला त्याच सावकाराकडून पुन्हा पैसे उचलावेत, तसं हे आहे. दिवसभरात वीस वेळा मी ज्याला टेन्शन म्हणत होतो त्यातलं बरंचसं त्या कट्ट्यातूनच येत होतं. महिन्याभरात ते गेलं. सकाळी उठल्यावर जी एक धास्ती असायची, कशाची ते न कळणारी, ती नाहीशी झाली.

जे उरलं ते खरं टेन्शन. आणि ते बिडीशिवाय पहिल्यांदा समोर उभं राहिलं.

ऑक्टोबरमध्ये सोयाबीन सोंगून गंजी लावली आणि परतीच्या पावसानं गाठलं. ताडपत्री एकच. दोन दिवस पाऊस लागून होता. गंजीच्या खालचा थर काळा पडला. त्या वर्षी सोयाबीनचा हमीभाव होता क्विंटलला ४,८९२ रुपये आणि बाजारात चांगल्या मालालाही ४ हजारांच्या आसपास मिळत होते. ओल्या मालाचं काय सांगावं. दुसऱ्या रात्री मी गंजीजवळ जागलीला होतो. शेजारच्या वावरातला भाऊ आला, माझ्याजवळ बसला, स्वतःसाठी बिडी काढली आणि सवयीनं एक माझ्यापुढं धरली. मी घेतली.

घसा जळाला, डोकं गरगरलं, आणि तरीही मी ती शेवटपर्यंत ओढली. सहा आठवड्यांनंतरची बिडी. त्यानं दुसरी पुढं केली तीही घेतली. घरी आल्यावर मला सोयाबीनपेक्षा त्या दोन बिड्यांचंच जास्त लागलं. मनात आलं, गेलंच आहे तर आता कशाला अडवायचं, उद्या कट्टा आणावा. हा विचार सगळ्यात वाईट, त्या दोन बिड्यांपेक्षा वाईट. सकाळी बायकोला सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं. तिनं विचारलं, "किती ओढल्या?" मी म्हटलं, दोन. "मंग दोनच म्हना. कट्टा नका म्हनू."

त्याच दिवशी तालुक्याला गेलो. ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांना विचारलं आणि निकोटिनचं च्युइंगम सुरू केलं. ते साध्या च्युइंगमसारखं चघळायचं नसतं. मी पहिल्या दिवशी तसंच चघळलं आणि उचकी लागली, मळमळलं. हळूहळू चावायचं, जिभेला झिणझिण्या जाणवल्या की थांबायचं, गाल आणि हिरडीच्या मधे दाबून ठेवायचं, चव गेली की पुन्हा दोन-चार वेळा चावायचं. अर्धा तास एक पुरतं. त्याच्या आधी पंधरा मिनिटं आणि ते तोंडात असताना चहा घ्यायचा नाही, नाहीतर औषध अंगी लागत नाही. डॉक्टरांनी सांगितलं, तलफ चढायची वाट पाहू नका, पहिले काही आठवडे ठरावीक वेळानं घ्या. तीन महिन्यांत कमी करत करत बंद केलं. आधीपासून घेतलं असतं तर पहिले तीन दिवस आणि पोराचं ते घाबरणं टळलं असतं असं मला मनापासून वाटतं.

सोयाबीन विकलं त्या संध्याकाळी बायकोनं विचारलं, "किती देनं हाये आपलं? सारं. मले आकडा सांगा." हा प्रश्न तिनं आधीही बऱ्याचदा विचारला होता. दर वेळी मी काय करायचो ते त्या क्षणी मला लख्ख दिसलं. मी उठायचो. खिसा चाचपायचो आणि बाहेर जायचो. दगडावर बसून एक बिडी, मग दुसरी. आत येईपर्यंत ती झोपलेली असायची किंवा विषय थंड झालेला असायचा. बाबांनी जमिनीच्या वाटणीचं काढलं की मी उठायचो, पोरगा शाळेच्या फीचं बोलला की उठायचो. बिडी हे माझं उठून जायचं कारण होतं. २७ वर्षं मी टेन्शन घालवत नव्हतो, त्याच्यासमोरून निघून जात होतो.

त्या संध्याकाळी माझ्याकडे उठायला कारण नव्हतं. हात खिशाकडे गेला, खिशात ओवा होता. मी बसून राहिलो. सोसायटीचं, बँकेचं, कृषी केंद्राची उधारी, तिच्या भावाकडून तिला न सांगता घेतलेले वीस हजार, सगळं पोराच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिलं. ती बराच वेळ त्या पानाकडे बघत होती. तिच्या भावाच्या आकड्यावर तिनं बोट ठेवलं आणि रडली. मग म्हणाली, आधी हे फेडू. देणं त्या रात्री एक रुपयानं कमी झालं नाही. पण मला सकाळपर्यंत झोप लागली.

सोडल्यावर काही आठवडे मन उदास राहतं, हेही खरं आहे. माझंही होतं. आपल्या भागात कास्तकाराचं मन काळवंडलं तर ते हलक्यात घेऊ नये, एवढं मी नक्की सांगतो. उदासी हटत नसेल, नको ते विचार येत असतील तर १४४१६ हा मानसिक आरोग्याचा सरकारी नंबर आहे, रात्री-बेरात्रीही लागतो. मी तो लावला नाही, पण त्या वहीच्या पानावर लिहून ठेवला आहे. संध्याकाळची वेळ मला फार जड जायची म्हणून मी गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेला जायला लागलो. लहानपणी बाबांसोबत जायचो, मधे सुटलं होतं. मांडी घालून, पाठ ताठ, डोळे मिटून बसलं की श्वास आपोआप लांब होतो, आणि प्रार्थना संपेपर्यंत तलफेची वेळ टळलेली असते.

सगळ्यात कठीण गेली ती रात्रीची लाईन, म्हणजे वावरातली वीज. गव्हाला पाणी द्यायचं तर लाईन ज्या आठवड्यात रात्री असेल त्या आठवड्यात रात्री जावंच लागतं. जानेवारीची थंडी, पाय चिखलात, बॅटरीच्या उजेडात दांड फोडायचा, पलीकडे रानडुकरांची खसपस. मोटार बंद पडली की लाईन येईपर्यंत काळोखात बसायचं. तिथं निकोटिनची तलफ नव्हती, ती केव्हाच सरली होती. तिथं मला सोबत हवी होती. बिडीचं लाल टोक म्हणजे तिथं दुसरं माणूस असल्यासारखं वाटायचं. याला ओवा पुरत नाही. मी शेकोटी पेटवायला लागलो, माचिस अजून त्याचसाठी बाळगतो. शेजारच्या भाऊला सांगितलं, माझ्या शेकोटीवर ये, पण इथं आहेस तोवर पेटवू नको. तो येतो. कधी हरभऱ्याचा हुळा भाजतो, कधी नुसते बसतो. त्याला ओढायची असली की तो उठून त्याच्या धुऱ्यावर जातो, आणि लांबून मला ते लाल टोक दिसतं. अजूनही मी त्याच्याकडे बघतो.

गेल्या पावसाळ्यात फवारणीला मी अख्खे तास न थांबता चाललो. बाबांनी धुऱ्यावरून पाहिलं, बोलले काही नाही.

तलफ अजून येते. महिन्यातून एखादी. परवा बँकेतून फोन आला, हप्ता थकल्याचा. बोलणं संपलं आणि ती आली, इतक्या दिवसांनी, कालच सोडल्यासारखी. बायको अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. मी दारात उभा राहून म्हटलं, "आली."

"येऊ द्या," ती म्हणाली, आणि टोपलं माझ्याकडे सरकवलं. "कोनाचा फोन होता?"

मी खाली बसलो, सांगायला लागलो. किती थकलं, किती दिवसांची मुदत, तूर किती होईल, त्यातून काय भागेल. शेंगा हिरव्या होत्या, नखं हिरवी झाली. पोरगा मधेच येऊन मूठभर दाणे घेऊन गेला. टोपल्याचा तळ दिसायला लागला तेव्हा आम्ही हिशेबाच्या दुसऱ्या पानावर होतो.